फारसी प्रश्नांचं दळण

हे मला लिहायला लावलंय. माझी हौस नाही. घरी पाहुणा आला की आमचे चिरंजीव सुरू, "बाबा, तो माहनाझचा किस्सा सांगा ना!" आलेला माणूस अजून दारात बूट काढतोय आणि मी किस्सा सांगायचा. मी काय रेडिओ आहे, बटण दाबलं की वाजायला? शेवटी सूनबाई म्हणाली, "बाबा, एकदा लिहूनच काढा. कुणी विचारलं की वाचायला देऊ." हे पटलं. माझं शिक्षण चौथी. शुद्धलेखन तिने तपासलंय. मजकुराला हात लावू दिलेला नाही.

इस्लामपुरात माझी पिठाची गिरणी होती. गिरणीत पीठ कुणी मुद्दाम साठवत नाही. ते आपोआप बसतं. कडीवर, कॅलेंडरवर, भुवयांवर. किस्स्यांचंही तसंच आहे. कोरोनाच्या काळात मी कुठे गेलो नाही, कुणाला भेटलो नाही. डच मुलखात, डीमन गावी मुलाच्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाच्या कडेला खुर्ची टाकून नुसता बसून होतो. तरी उठलो तेव्हा अंगावर हे एवढं साठलं होतं!

तीन महिन्यांसाठी म्हणून आलो आणि विमानं बंद झाली. मुलगा सुहास बेडरूमचं दार लावून कॉम्प्युटरशी बोलायचा. नात ईरा सात वर्षांची, तिची शाळा सोफ्यावर भरायची. आणि सून अनघा डायनिंग टेबलावर. मी मध्ये.

अनघा पुण्यात मानसशास्त्र शिकलेली. नवऱ्याच्या मागे इकडे आली आणि कित्येक वर्षं घरी बसली. अर्ज पाठवायची. उत्तरं यायची, तुमचा अर्ज फार छान आहे, पण नको. डच माणूस नको म्हणाला की नको. मग कॉलेजातली जुनी मैत्रीण तिला इथल्याच लायडन गावात भेटली, माहनाझ. बाई इराणची, पण पुण्यात शिकलेली, त्यामुळे हिंदी फाडफाड. तिने अनघाला आपल्या कामात घेतलं. नोकरी कच्ची. काम तडीला गेलं तर पक्की होणार, फसलं तर अनघा परत घरी. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली होती, "बाबा, ही गेली तर दुसरी कुणी देणार नाही मला." एवढं ध्यानात ठेवा. बाकी सगळी गंमतच आहे.

* * *

काम काय, ते मला समजायला आठवडा लागला.

काही पोरांच्या डोक्यात एकच विचार अडकून बसतो. धुतलेला हात परत धुवायचा, लावलेली कडी परत बघायची, पावलं मोजायची, मोजताना चुकलं की पहिल्यापासून. नाही केलं तर जीव घाबरा होतो. त्या त्रासाचं माप काढायला प्रश्नांचा एक कागद असतो. तो होता इंग्रजीत. इराणी घरातल्या पोरांसाठी तो फारसीत करायचा आणि फारसीतही तो बरोबर मापतो का, हे तपासायचं.

मी म्हटलं, "कळलं. माझ्या काट्याला सरकारी माणूस वजनं घेऊन यायचा, तसं."

"अगदी तसंच, बाबा!"

"मग वजनं कुठायत?"

"वजनं म्हणजे ती मुलंच."

"मग झालंच तुमचं," मी म्हटलं.

आता त्यांची पद्धत बघा. एका माणसाने इंग्रजीचं फारसी केलं. ते झाल्यावर दुसरा माणूस शोधला, ज्याने मूळ इंग्रजी बघितलेलंच नाही. त्याला सांगितलं, ह्या फारसीचं इंग्रजी कर.

"का? मूळचं इंग्रजी हरवलं?"

"नाही हो. दोन्ही इंग्रजी जुळतात का बघायचं. म्हणजे मधलं फारसी बरोबर."

"म्हणजे एकाने गहू दळून पीठ केलं," मी म्हटलं, "आणि आता दुसऱ्या गिरणीवाल्याला सांगताय, ह्या पिठाचे गहू करून दाखव!"

अनघाला हे इतकं आवडलं की तिने मीटिंगमध्ये सांगितलं. तिचे मोठे साहेब हेन्ड्रिक म्हणून होते. भलता उंच माणूस, स्क्रीनमध्ये कपाळ मावायचं नाही. माहनाझ हसली. साहेब हसले नाहीत. बराच वेळ विचार करून त्यांनी विचारलं, "त्यांच्या गिरणीत हे जमायचं का?"

* * *

माहनाझबाईंची एक सवय आधीच सांगून ठेवतो. ही बाई माफी मागायची. उशीर झाला, माफी. लवकर आली, माफी. स्क्रीनसमोर पाणी प्यायली, माफी. मागची खिडकी लावायला उठली, तर पाठ केली म्हणून माफी! मी अनघाला विचारलं, "हिने केलंय तरी काय?"

"काही नाही बाबा, त्यांच्यात बोलायची रीत आहे ती."

मी आमच्या बाजारात चाळीस वर्षं काढली. माझी माफी कुणी एकदाही मागितली नाही. आणि इथे बसल्या जागी पोत्याने मिळत होती, तीही मी न मागता.

* * *

पहिल्या फेरीतला एक प्रश्न होता, हात स्वच्छ असले तरी तू ते परत परत धुतोस का?

आता तुम्हीच सांगा. टीव्हीवर सरकार सकाळ-संध्याकाळ सांगतंय, हात धुवा. दुकानाच्या दारात बाटली ठेवलीय. आणि ह्या शहाण्यांनी तेव्हाच हा प्रश्न काढला! सगळ्या पोरांनी लिहिलं, हो. हेन्ड्रिकसाहेब म्हणाले, "ह्या कागदाप्रमाणे अख्खा देश आजारी आहे." माहनाझने देशाच्या वतीने माफी मागितली.

मग त्यांनी त्या प्रश्नाला शेपूट लावलं, कोरोनाच्या आधीपासून धुतोस का म्हणून.

अनघाने सरावासाठी तो कागद घरातच लावून बघितला. सुहास तेव्हा दुधाचा खोका साबणाने धुवायचा. केळी आणली की ती तीन दिवस बाल्कनीत. केळ्यांना क्वारंटाइन! कागद लहान मुलांचा, पण सुहासला इतके मार्क पडले की अनघाने बेरीज दोनदा केली.

सुहास भडकला. "मी काळजी घेतोय! हा काय आजार आहे?"

"सगळ्यांना हेच वाटत असणार," मी म्हटलं.

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. घरात तेवढीच शांतता.

मलाही लावला कागद. एकच गोष्ट तुम्ही पुन्हा पुन्हा तपासता का? मी म्हटलं, "हो. विमानं सुरू झाली का, ते."

अनघा म्हणाली, "ते ह्यात बसत नाही."

* * *

माझा आवाज मोठा आहे. गिरणीत बोलणाऱ्याचा असतोच. पट्ट्याच्या आवाजाच्या वरताण ओरडायचं, तर बेंबीच्या देठापासून लागतं. इथे पट्टा नव्हता, पण आवाज तोच राहिला.

मुलांशी बोलताना माहनाझ त्यांना स्क्रीनवर फारसीत प्रश्न विचारायची, उत्तर इंग्रजीत सांगायची आणि अनघा ह्या बाजूने टिपायची. अशा वेळी बाहेरचं माणूस खोलीत चालत नाही. पण फ्लॅट तो केवढा, मला ठेवणार कुठे? अनघाने साहेबांना विचारलं. साहेबांनी विचारलं, "त्यांना फारसी येतं का?" नाही. "डच?" नाही. "इंग्रजी?" नाही. "मग बसू दे." आयुष्यात पहिल्यांदा न शिकल्याचा फायदा झाला.

एकदा एका पोराशी बोलणं चाललं होतं. नाव सांगत नाही, मलाच सांगितलेलं नाही. त्याच वेळी आमच्या ओट्यावर कुकर. डाळ लावलेली. शिट्ट्यांकडे माझं लक्ष नव्हतं.

माहनाझने पोराला विचारलं, गरज नसताना तू वस्तू मोजत बसतोस का? त्याने मान हलवली. नाही. आवाज मोजतोस का? नाही. टिपलं अनघाने, नाही म्हणून.

मी तिकडून ओरडलो, "अनघा, किती झाल्या गं शिट्ट्या?"

अनघाला माहीत नव्हतं. तिने पोराला डचमध्ये सांगितलं, सासरे कुकरच्या शिट्ट्या विचारतायत. माहनाझला माहीत असायचं कारण नाही. आणि स्क्रीनमधून ते पोर डचमध्ये म्हणालं, "पाच."

ईराने सोफ्यावरून मला त्याचं मराठी करून सांगितलं. मी गॅस बंद केला. डाळ उत्तम शिजली होती.

* * *

पहिल्या फेरीतली पोरं जरा मोठी होती, फारसीच्या शिकवणीला जाणारी. त्यांना वाचता येत होतं. दुसऱ्या फेरीसाठी कागद छापून घरोघर पोस्टाने गेला. दिसायला देखणा, उजवीकडून डावीकडे, नक्षीसारखी अक्षरं. महिनाभर ह्या दोघींनी एकेका शब्दावर जीव काढला होता.

आणि ही पोरं लहान! इथे वाढलेली. फारसी बोलतात, पण वाचायला येतं कुणाला? एका पोरीने कागदाच्या चारी बाजूंनी फुलं रंगवून परत पाठवला. एकाही प्रश्नाचं उत्तर नाही, पण फुलं सुरेख.

माहनाझ म्हणाली, "माफ करा, माझ्या लक्षात यायला हवं होतं."

लक्षात कसं येत नाही, हे मला कळेना. आमच्या घरातच नमुना बसला होता. ईराला मी म्हटलं, "बाळ, चष्मा आण," की आणते. पण हातात देताना बोलते डच. आणि भिंतीवरचं मराठी कॅलेंडर तिला वाचायला सांगितलं, तर म्हणते, "छान आहे."

मग ठरलं, लहान पोरांचं त्यांच्या आयांना विचारायचं. माहनाझ व्हिडिओवर एकेका आईशी बोलणार. अनघा खूश. म्हणाली, "आईला सगळं माहीत असतं, बाबा. आता चुकत नाही."

* * *

आता ह्या आया. बोलणं सगळं फारसीत, अर्थ मला अनघाने नंतर सांगितला.

आधी पाच मिनिटं नुसती विचारपूस. तुम्ही कशा, आई कशी, वडील कसे, थकला नाहीत ना, तुमच्यावरून जीव ओवाळून टाकते. मग माहनाझ अदबीने पहिला प्रश्न विचारायची. तुमचं मूल रात्री दार लागलंय का, हे पुन्हा पुन्हा बघतं का?

"हर्गेझ!"

हिंदी सिनेमात हरगिज म्हणतात ना, तेच. कधीच नाही. मला फारसीतला हा एकच शब्द येतो, कारण त्या महिन्यात मी दुसरा ऐकलाच नाही. हात धुतो? हर्गेझ. मोजतो? हर्गेझ. वाईट विचार येतात? हर्गेझ, जीव ओवाळून टाकते, हर्गेझ. ह्यातली काही मुलं त्याच त्रासासाठी डॉक्टरकडे जाणारी! एक पोर आईच्या शेजारीच बसलं होतं. हात साबणाने सोलून लाल झालेले, स्क्रीनवर मला टेबलाच्या ह्या टोकावरून दिसत होते. आई म्हणाली, "हर्गेझ."

अनघाने सगळं टिपून घेतलं. तोंड उतरलेलं.

त्यांच्यात नियम असा, की पंधरा दिवसांनी तेच प्रश्न त्याच माणसाला परत विचारायचे. काटा दोन्ही वेळी तेच वजन दाखवतो का, बघायला. एक बाई तर रागावलीच. "परत का विचारता? पहिल्यांदा मी खोटं बोलले का?" माहनाझने पोतंभर माफी मागितली. बाई शांत झाली. आणि मग तिने सगळी उत्तरं बदलली! दार? रोज. हात? विचारू नका. मोजणं? जिना चढायला ह्याला अर्धा तास लागतो हो. डोळ्याला पदर लावावा तसं ओढणीचं टोक लावून बोलत होती.

एकीचं नव्हे, बहुतेकींचं तेच. पहिल्यांदा सगळं गोड, दुसऱ्यांदा सगळं बाहेर.

हेन्ड्रिकसाहेबांनी आकडे बघितले. म्हणाले, "दर वेळी वेगळं वजन दाखवतो, तो काटा नाही." हे मात्र साहेब बरोबर बोलले. पुढे म्हणाले, "उरलेल्या घरांत हेच झालं तर काम थांबवू. सॉरी, अनघा."

ती लॅपटॉप मिटून त्याच्यावर हात ठेवून बसली. जेवली नाही. सुहास म्हणाला, "अगं, होईल काहीतरी." असं म्हणणाऱ्याची नोकरी पक्की असते.

मी जेवलो. उपाशी राहून कुणाची नोकरी वाचल्याचं मी बघितलेलं नाही.

* * *

चार दिवसांनी माहनाझबाई घरी आल्या. एका पाहुण्याला परवानगी होती तेव्हा. थंडीत खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क, आणि दोघी टेबलाच्या दोन टोकांना. काही मार्ग निघतो का बघायला बसल्या होत्या. ईराची शाळा तोवर परत उघडली होती, दुपारी अनघा तिला आणायला गेली. घरात मी आणि बाई.

मी चहा केला. चहा मी दुसऱ्याच्या हातचा पीत नाही. आलं ठेचून घातलं, इथलं दूध पाणचट म्हणून दूध जास्त घातलं. दोन कप भरले. आणि नीट विचारलं, "चाय लेंगी आप?"

"नहीं नहीं, बाबाजी. आप तकलीफ़ मत कीजिए."

"ठीक है," मी म्हटलं.

आता भरलेला चहा ओतून थोडाच देणार? दोन्ही कप मीच प्यायलो. तिच्यासमोर बसून. बिस्किटंही खाल्ली. बाई अधूनमधून कपाकडे बघत होत्या. मला वाटलं, कप आवडला असेल.

बाई गेल्या. दुसऱ्या दिवशी मी मोबाइलवर पेपर वाचतोय, अनघा पोळ्या लाटतेय. म्हणाली, "बाबा, काल माहनाझला चहा नाही दिलात?"

"नको म्हणाली."

"किती वेळा?"

"म्हणजे? एकदा. लिलाव होता का?"

"अहो, परत विचारायचं असतं! त्यांच्यात पहिलं नको धरत नाहीत. दुसरंही नाही. आग्रह करायचा, मग माणूस हो म्हणतं. बिचारी गारठून तशीच गेली. घरी जाऊन आईला सांगत होती."

"पुण्यात इतकी वर्षं राहिलेल्या बाईला," मी म्हटलं, "एकदाच विचारतात हे माहीत नाही? आणि कितवं नको खरं, ते मला कसं कळावं? गळ्यात पाटी लावा म्हणावं!"

अनघा हसली नाही. लाटणं हातात तसंच. तव्यावरून धूर निघायला लागला. "पहिलं धरत नाहीत," ती म्हणाली. परत म्हणाली, "बाबा, पहिलं धरत नाहीत."

"करपली पोळी."

तिने गॅस बंद केला आणि कणकेच्या हातानेच फोन लावला. स्पीकरवर. "माहनाझ, त्या आयांचं पहिलं हर्गेझ... ते चहाचं नको होतं का गं?"

ह्या वेळी पलीकडून माफी नाही. बाई हळूच म्हणाल्या, "अनघा... मुझे लगा था, वो सिर्फ़ चाय के लिए होता है."

मग दोघी एकदम बोलायला लागल्या. मला काही कळलं नाही. पोळ्या मीच लाटल्या. नकाशे झाले.

* * *

मग त्यांनी माहनाझबाईंनाच काढलं. कामावरून नव्हे, स्क्रीनवरून. उरलेल्या आयांना प्रश्न मोबाइलवर पाठवले. समोर कुणी नाही, विचारपूस नाही, जीव ओवाळणं नाही. वर एकच ओळ, थोडंफार असं सगळ्याच मुलांचं होतं. आणि खाली प्रश्न. आई एकटी, हातात मोबाइल. मोबाइलची मर्यादा कोण ठेवतं?

पंधरा दिवसांनी परत पाठवले. उत्तरं आली त्या दुपारी अनघा स्क्रीनवर दोन रकाने लावून बसली होती. बोट एका रकान्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पार खालपर्यंत गेली. मग परत वर आली आणि पुन्हा पहिल्यापासून.

मी म्हटलं, "तुला पण लावावा काय कागद?"

ती म्हणाली, "जुळतंय, बाबा." आणि रडायला लागली. काम फसलं तेव्हा रडली नव्हती.

* * *

इथपर्यंत सगळ्यांचं भलं झालं. आता माझं काय झालं ते ऐका.

महिन्याभराने मोठी मीटिंग होती. स्क्रीनवर चौकटीच चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेक शास्त्रज्ञ. माहनाझबाई सांगत होत्या, उत्तरं आधी का चुकली आणि मग कशी जुळली. अनघा त्यांच्या शेजारच्या चौकटीत, साडी नेसून. मी आपल्या खुर्चीत.

बाईंनी एक चित्र लावलं. टेबल. टेबलापाशी एक म्हातारा, भुवया जाड, दोन्ही हातांत एकेक कप. समोर एक बाई बसलेली, तिच्यापुढे काही नाही.

मी मनात म्हटलं, जगात म्हातारे पुष्कळ आहेत.

तेवढ्यात ईरा सोफ्यावरून ओरडली, "आजोबा!"

माईक चालू होता. सगळ्या चौकटी हसल्या. हेन्ड्रिकसाहेब लगेच हसले! पहिल्यांदाच त्यांना वेळ लागला नाही. कॅमेऱ्याकडे वाकले, पहिल्यांदाच त्यांचं कपाळ दिसलं. अनघाने मला नंतर सांगितलं, ते म्हणाले, "ह्या गृहस्थांनी सगळं बरोबर केलं. नको म्हणजे नको." आणि त्याच दमात म्हणाले, की अनघाची नोकरी पक्की करायला त्यांनी वरती लिहिलंय.

सुहासने मिठाई मागवली. सगळे नाचले. मी म्हटलं, "हिची नोकरी राहिली, पण माझं नाव गेलं."

अहो, इस्लामपुरात दळण घेऊन आलेला माणूस माझ्याकडून चहा प्यायल्याशिवाय गेलेला नाही. लाईट गेली आणि गिरणी बंद पडली, तर रांगेतल्या सगळ्यांना चहा. भांडायला आलेल्यालासुद्धा आधी चहा, मग शिव्या. आणि त्या माणसाचं चित्र काढून, हा चहा देत नाही म्हणून, साऱ्या देशाला दाखवलं?

"मला माफी पाहिजे," मी अनघाला म्हटलं. "कळव तिला."

"बाबा, ती तर दिवसातून पन्नास वेळा मागते!"

"ती फुकटची. मला ह्या चित्राची पाहिजे."

अनघाने कळवलं की नाही, मला माहीत नाही. पण त्यानंतर बाई फोनवर खिडकीची माफी मागायच्या, पाण्याची मागायच्या, कुत्रं भुंकलं त्याची मागायच्या. चित्राची नाही.

* * *

विमानं सुरू झाली. माझं तिकीट आलं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात माहनाझबाई. मास्क नाही, केस नीट बांधलेले, आणि हातात पिस्त्याच्या मिठाईचा हा एवढा डबा, रेशमी फीत लावलेला.

मी मनात म्हटलं, आली. माफी आली.

बसा म्हटलं. चहा टाकला. आलं ठेचलं. आणि ह्या वेळी मी ठरवलं होतं, रात्र झाली तरी चालेल, पण हो म्हणेपर्यंत विचारत राहायचं. अनघाही ओट्याला टेकून बघत उभी.

"चाय लेंगी आप?"

"हाँ," बाई म्हणाल्या. "दो कप."

दोन्ही कप प्यायल्या. बिस्किटंही खाल्ली. मग डबा दोन्ही हातांत धरून उठल्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. मान खाली. डोळे भरलेले.

"बाबाजी," त्या म्हणाल्या, "उस तस्वीर के लिए मैं आपसे..."

आता घरी आलेलं माणूस, लेकीच्या वयाची बाई, हातात मिठाई, डोळ्यांत पाणी. कुणीही जे म्हणेल तेच माझ्या तोंडून गेलं. मी म्हटलं, "अरे नहीं नहीं! किस लिए? नको, नको!"

बाई थांबल्या. अनघाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली.

"ठीक है," म्हणाल्या.

डबा पिशवीत परत ठेवला, पिशवीची चेन लावली, दाराकडे वळताना आमच्याकडे पाठ केल्याबद्दल माफी मागितली आणि मेट्रो पकडायला निघून गेल्या.

माझी माफी अजून माहनाझबाईंकडे आहे. डब्यासकट.